डाळ मिल: आहे त्या तयारीत सुरू करावी की सगळे जुळेपर्यंत थांबावे?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावातला एक तरुण माझ्याकडे आला. त्याच्या हातात प्लास्टिकची फाइल होती आणि तीत सातबारा, आठ-अ, ग्रामपंचायतीचा ठराव, प्रकल्प अहवाल आणि यंत्रांची तीन कोटेशने नीट लावून ठेवलेली होती. त्याने विचारले, “दादा, लहान मशीन घेऊन आताच लागू का कामाले, का हे सगळं मंजूर होऊ देऊ?” त्या दिवशी मी त्याला जे तुटक तुटक सांगितले ते इथे सविस्तर लिहीत आहे, कारण यवतमाळ, वाशीम, अकोला या तूर पिकवणाऱ्या जिल्ह्यांत हाच प्रश्न घेऊन बसलेले अनेक जण मला भेटतात. दारव्हा तालुक्यातल्या एका लहान गावात मी स्वतः हे दोन्ही रस्ते चाललो आहे. दुसरा मी अर्ध्यावर सोडला, तर माझ्या आतेभावाने तो शेवटपर्यंत नेला. त्यामुळे माझे मत पूर्ण निःपक्षपाती आहे असे मी म्हणणार नाही, पण दोन्हीकडचे मी जवळून पाहिले आहे.

यंत्राची ताकद किती, रोलर केवढा, ताशी किती क्विंटल निघते हे इथे देत नाही. ते विक्रेत्याच्या पत्रकात असते, आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या पीकेव्ही मिनी डाळ मिलमुळे आपल्या भागात लहान मिलची ओळख जुनीच आहे. निवड यंत्रांची नसून सुरुवातीच्या वेळेची आहे. घरच्या पैशांत बसेल असे लहान यंत्र घेऊन, टिनाच्या शेडमध्ये, लोकांची तूर मजुरीवर भरडून देत आजच सुरुवात करायची, हा पहिला मार्ग. अनुदानाचे कर्ज, स्वतःची इमारत, थ्री-फेज जोडणी, चाळणी, पॉलिशर, वाळवणीची सोय असे सगळे हाताशी आल्यावरच दार उघडायचे, हा दुसरा.

मी आधी दुसरा मार्ग धरला होता आणि तो विचारपूर्वक धरला होता. कोणती बँक आणि कोणती योजना हे सांगण्याची गरज नाही, कारण जे घडले त्यात कोणा एकाचा दोष होता असे मला आजही वाटत नाही. २०२० च्या पावसाळ्यात मी कागद जमवायला लागलो. प्रत्येक ठिकाणी माणसे सौजन्याने बोलली, कोणी पैसे मागितले नाहीत, कोणी हाकलून दिले नाही. मला थकवले ते एका लहानशा गोष्टीने, आणि ती गोष्ट म्हणजे कोटेशनची मुदत.

यंत्र बनवणारा जे कोटेशन देतो त्यावर बहुधा तीस दिवसांची मुदत लिहिलेली असते. माझी फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला चाळीस दिवस लागले, म्हणून नवे कोटेशन आणायला मी अकोल्याला गेलो. तोवर लोखंडाचे भाव चढले होते आणि यंत्राची किंमत वाढली होती. किंमत वाढली म्हणून प्रकल्प अहवालातला एकूण आकडा बदलला, आकडा बदलला म्हणून माझा स्वहिस्सा बदलला, आणि तो वाढीव स्वहिस्सा माझ्याकडे आहे हे दाखवण्यासाठी बँकेच्या खात्याचा ताजा उतारा लागला. उतारा जोडेपर्यंत ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला जुना झाला. दाखला नवा केला तोवर दुसऱ्या कोटेशनची मुदत संपली. असे चार वेळा झाले. प्रत्येक वेळी समोरचा माणूस जे मागत होता ते त्याच्या नियमाने बरोबर होते, आणि म्हणूनच मला कोणाशी भांडता आले नाही.

एखाद्या किराणा दुकानदाराला असा उशीर झाला असता तर त्याचे दोन-चार महिने गेले असते. डाळ मिलचे तसे नाही. तूर मृगात पेरली जाते आणि डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत घरात येते. ज्या शेतकऱ्याला वर्षभराची डाळ घरच्या तुरीची खायची असते तो संक्रांतीनंतर आणि उन्हे तापेपर्यंत ती भरडून घेतो. हे तीन-चार महिने हुकले की पुढचे गिऱ्हाईक पुढच्या वर्षी. म्हणजे कागदावरच्या दहा दिवसांच्या चुकीची किंमत माझ्यासाठी एक वर्ष होती. जानेवारी २०२१ मध्ये गावातले लोक बैलबंड्यांमधून, मोटारसायकलींवरून तुरीची पोती बावीस किलोमीटरवरच्या मिलवर नेत होते, तिथे दोन-दोन दिवस नंबर लावून बसत होते, आणि मी अंगणात उभा राहून ते पाहत होतो. जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा तेच दृश्य होते आणि माझ्या पिशवीत चौथे कोटेशन होते.

पाचव्या कोटेशनसाठी अकोल्याला गेलो असताना एका बचत गटाने बंद करून ठेवलेली जुनी मिनी मिल विकायला आहे असे कळले. कापसाचे चुकारे नुकतेच मिळाले होते. त्यातले ७२,००० रुपये देऊन मी ती मिल गाडीत टाकून घरी आणली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये, हंगाम अर्धा सरलेला असताना, गोठ्याशेजारच्या टिनाच्या शेडमध्ये ती बसवली. त्या दिवशी माझी काय तयारी होती याचा हिशेब केला तर उत्तर फारसे बरे येत नाही. वाळवणीला पक्का ओटा नव्हता, घरची सिंगल-फेज वीज होती, कामाला मी आणि धाकटा भाऊ होतो, आणि तूर भरडण्याचा माझा अनुभव लहानपणी आईच्या जात्याशी बसण्यापुरता होता.

लवकर सुरू करण्याची किंमत मोजावी लागते, आणि ती मी लपवणार नाही. पहिल्याच आठवड्यात आमच्या आळीतल्या एका काकाजींनी साठ किलो तूर आणली. आमच्याकडे रीत अशी आहे की पहिल्या फेरीत रोलरवर टरफलाला नुसते ओरखडे पाडायचे, मग तेलाचा हात लावून ढीग रात्रभर झाकून ठेवायचा, ऊन द्यायचे, पाण्याचा हात द्यायचा, पुन्हा ऊन द्यायचे आणि मग डाळ फोडायची. या सगळ्या पायऱ्या मला पाठ होत्या, पण दाणा पुरेसा वाळला की नाही हे ओळखणे पाठ करून येत नाही. मी घाई केली. टरफल सुटेना म्हणून पुन्हा पुन्हा रोलरवर घातली आणि बरीच डाळ तुटून कळणा झाला. साठ किलोंतून चौतीस किलो धड डाळ निघाली. मी मजुरी घेतली नाही, घरच्या डब्यातली पाच किलो डाळ त्यात घातली आणि कळणा व चुनी त्यांच्या जनावरांसाठी वेगळी बांधून दिली. काकाजी काही बोलले नाहीत, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी आईने ढिगातला एक दाणा उचलून दाताखाली धरला आणि म्हणाली, “बापू, हे तूर अजून वातड हाये. इले आखीन दोन उनं दाखव.” वाळलेला दाणा दाताखाली कट्कन फुटतो आणि वातड दाणा दबतो, एवढीच ती परीक्षा आहे. दोन वर्षे मी प्रकल्प अहवालात उत्पादनक्षमतेचे तक्ते भरत होतो आणि ज्या गोष्टीवर माझा धंदा उभा राहणार होता ती माझ्या घरात चुलीजवळ बसलेली होती. मिल सुरू झाली नसती तर ती आईला सांगावीशी वाटली नसती आणि मला विचारावीशीही वाटली नसती.

मोटार जळाली ती तिसऱ्या आठवड्यात. संध्याकाळी गावात सगळीकडे दिवे, टीव्ही, पाण्याच्या मोटारी लागल्या की विजेचा दाब उतरतो, आणि मी काम उरकण्यासाठी नेमकी संध्याकाळीच मिल चालवत होतो. वाइंडिंग आणि चांगला स्टार्टर मिळून साडेचार हजार रुपये गेले आणि चार दिवस मिल बंद राहिली. तेव्हापासून सकाळी लवकर सुरू करून दुपारी दोनच्या आत यंत्र थांबवायचे असा नियम केला आणि मोटार पुन्हा जळाली नाही. एकदा दोन गिऱ्हाइकांचे ढीग वाऱ्याने आणि कोंबड्यांनी एकमेकांत मिसळले. एकाची तूर लाल होती आणि दुसऱ्याची पांढरी, म्हणून ते निदान लगेच लक्षात तरी आले. त्यानंतर प्रत्येक ढिगावर टिनाच्या तुकड्यावर रंगवलेला क्रमांक ठेवतो आणि वहीत त्याच क्रमांकापुढे नाव व वजन लिहितो.

पहिल्या वर्षी क्विंटलमागे माझी बासष्ट-पासष्ट किलो डाळ निघत होती, आता सत्तरच्या पुढे जाते. हे माझ्या काट्यावरचे आकडे आहेत. वेगळ्या वाणाला, वेगळ्या यंत्राला आणि वेगळ्या हाताला ते वेगळे येतील. मला इतकेच म्हणायचे आहे की हा फरक यंत्र बदलल्याने पडला नाही, यंत्र तेच आहे.

आता दुसऱ्या बाजूविषयी, कारण ती बाजू कमकुवत नाही. माझा आतेभाऊ माझ्याइतका उतावळा नव्हता. तो अडीच वर्षे थांबला, कागद पुरे केले आणि कर्ज मंजूर झाल्यावर रस्त्यालगत पक्की इमारत बांधून मोठी मिल उभी केली. त्याची डाळ माझ्यापेक्षा देखणी असते, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. दाणा सारखा, रंग उजळ आणि खडा नावालाही नाही. नागपूरचे दुकानदार त्याच्याकडून पोत्यांनी माल घेतात. माझ्या मिलवरून तसा माल जाऊ शकत नाही. अवकाळी पाऊस आला की माझी ताडपत्रीसाठी धावपळ होते, त्याच्याकडे वाळवणीचे यंत्र आहे. ज्याला गावाबाहेरच्या बाजारात पॅकबंद डाळ विकायची आहे त्याला अखेरीस आतेभावाच्याच वाटेने जावे लागेल.

पण त्याच्या मिलला जे ओझे आहे तेही पाहिले पाहिजे. तुरीचे काम चार महिन्यांचे आणि कर्जाचा हप्ता बारा महिन्यांचा. हप्ता भरायचा तर मिल वर्षभर चालली पाहिजे, आणि ती चालवायची तर हंगामात तूर विकत घेऊन साठवली पाहिजे. २०२५-२६ चा तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये होता, म्हणजे शंभर क्विंटल साठवायचे तर आठ लाख रुपये गुंतले. २०२४ च्या सुरुवातीला हमीभाव ७,००० असताना बाजारात तूर १०,००० च्या वर गेली होती आणि ज्यांच्या गोदामात आधीचा माल होता त्यांना ते वर्ष चांगले गेले. पण त्याच चढ्या भावाने घेतलेला काही माल आतेभावाकडे दिवाळीनंतरही पडून राहिला, नवी तूर आली, भाव हमीभावाच्या आसपास उतरले, आणि त्याच्या वर्षाच्या कमाईतला मोठा वाटा तिथे गेला. मी त्या दोन्ही वर्षी किलोमागे ठरलेली भरडाई घेत होतो. तूर महाग असो की स्वस्त, ती गिऱ्हाइकाची होती आणि तिची जोखीमही त्याचीच होती. नवख्या माणसाने पहिली दोन वर्षे भावाच्या चढउतारापासून दूर राहावे असे मला मनापासून वाटते, आणि मजुरीवरच्या कामात ते आपोआप साधते.

अनुदानाच्या बाबतीत मात्र घाई करणाऱ्याने डोळे उघडे ठेवले पाहिजेत. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचे पहिले साहाय्य केवळ नव्या उद्योगासाठी असते. आधी मिल सुरू केली आणि मग त्याच मिलसाठी तिथे अर्ज केला तर तो बसत नाही. ग्रामीण भागात त्यात सर्वसाधारण गटाला प्रकल्पखर्चाच्या २५ टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग अशा विशेष गटांना ३५ टक्के अनुदान आहे, स्वहिस्सा अनुक्रमे १० आणि ५ टक्के आहे, आणि अनुदानाची रक्कम तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून राहते. ही रक्कम लहान नाही, आणि तिच्यासाठी कोणी थांबत असेल तर त्याला चूक म्हणण्याचा मला अधिकार नाही. उलट २०२० मध्ये सुरू झालेली पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना चालू उद्योगाच्या वाढीसाठीही कर्जाशी जोडलेले ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत अनुदान देते. लवकर सुरू करणाऱ्याचे एक दार बंद होते आणि दुसरे उघडे राहते, असा याचा अर्थ. हे नियम २०२५-२६ पर्यंतचे आहेत; योजनांच्या मुदती आणि अटी बदलत असतात, म्हणून पैसा हलवण्याआधी तालुका कृषी कार्यालयात जाऊन चालू स्थिती विचारून घ्यावी.

या बाबतीत माझा एक अनुभव सांगतो, तो सर्वांना लागू पडेलच असे नाही. २०२४ च्या हंगामानंतर चाळणी आणि वाळवणीच्या ओट्यासाठी मी पुन्हा अर्ज केला. या वेळी फाइलीत अंदाजांऐवजी क्रमांक, नाव, वजन आणि मजुरी लिहिलेली हंगामांची वही होती, आणि खात्यात त्या नोंदींशी जुळणारे जमा पैसे होते. अधिकारी मिल पाहायला आले तेव्हा ती चालू होती आणि बाहेर चार गिऱ्हाइके बसली होती. कोटेशनची मुदत या वेळीही एकदा संपली, पण दरम्यान माझे काम थांबले नव्हते, त्यामुळे नवे कोटेशन आणायला जाताना माझ्या मनात राग नव्हता. काम झाले. आधीच्या दोन वर्षांत जे जमले नव्हते ते सात महिन्यांत जमले.

लवकर सुरू करा म्हणजे कागदांशिवाय सुरू करा असे नाही. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून स्वयंघोषणेवर आणि विनाशुल्क होते. मी सुरुवात केली तेव्हा वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या अन्नव्यवसायाला वर्षाला १०० रुपये भरून अन्न सुरक्षा नोंदणी मिळत होती. वजनकाट्यावर वैधमापनाचा शिक्का असला पाहिजे आणि यंत्राला अर्थिंग असलेच पाहिजे. एवढे एका आठवड्यात होते आणि एवढ्यासाठी थांबावेच. डाळ पाकिटात भरून विकायची असेल तर वेष्टनावरचा मजकूर, निव्वळ वजन, किंमत, पत्ता हे सगळे नियम येतात, पण मजुरीवर भरडून देणाऱ्याचा त्यांच्याशी संबंध येत नाही.

यंत्रही न घेता दुसऱ्याच्या मिलवर डाळ करून आपल्या नावाने विकण्याचा तिसरा मार्ग काही जण सुचवतात. विक्री अजमावायला तो ठीक आहे. पण हंगामात दुसऱ्याच्या मिलवर आपला नंबर शेवटी लागतो आणि दाणा हाताळण्याचे ज्ञान त्याच्याकडेच राहते, म्हणून मी त्याकडे फार वळलो नाही.

काही लोकांनी थांबावेच असे मी म्हणेन. ज्याला ते जुने यंत्र घेण्यासाठीही सावकाराकडे जावे लागणार असेल त्याने थांबावे. आपल्या भागाने कर्जापायी काय सोसले आहे ते मी सांगण्याची गरज नाही, आणि एका हंगामाच्या आशेवर चढ्या व्याजाचे पैसे घेणे मला कधीच योग्य वाटणार नाही. ज्या जागेत यंत्र बसवायचे त्या जागेचा भाऊबंदकीत वाद असेल त्यानेही थांबावे. गावात आधीच एक चांगली लहान मिल चालू असेल तर दुसरी टाकण्याआधी शंभरदा विचार करावा, कारण दोघांनाही पुरेल इतकी तूर दोन-तीन गावांत मिळून येतेच असे नाही. बाकीच्यांना, म्हणजे ज्यांच्याकडे चुकाऱ्याचे साठ-सत्तर हजार आहेत, डोक्यावर एक शेड आहे, तूर ओळखणारे एखादे वडीलधारे माणूस घरात आहे आणि अडले आहे ते केवळ ‘अजून सगळे जुळले नाही’ या भावनेपायी, त्यांना मी माझ्याकडून तरी थांबायला सांगणार नाही.

ते काकाजी पुढच्या वर्षी परत आले. त्यांनी आणलेले पोते उघडून पहिला दाणा मी दाताखाली धरला तेव्हा ते माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, “काकाजी, दोन उनं लागतीन.” ते पोते ठेवून गेले आणि चौथ्या दिवशी डाळ न्यायला आले. त्या वर्षी त्यांच्या घरी रोडग्यांची पंगत होती आणि वरणाला तीच डाळ शिजली होती.

त्या तरुणाला मी हे सगळे सांगितले आणि मग त्याच्या फाइलीतली कोटेशने काढून पाहिली. तिन्हींची मुदत आणखी अकरा दिवस होती. त्याला विचारले, तुमच्याकडे यंदा तूर किती आहे? म्हणाला, चार एकरांत सोयाबीनमध्ये आंतरपीक आहे, दिवाळीच्या सुमारास फुलोऱ्यावर येईल. मग आम्ही दोघांनी पोळ्यापासून संक्रांतीपर्यंतचे आठवडे मोजले. ते अठरा-वीस भरले. त्यात एक जुने यंत्र शोधणे, ते बसवणे आणि घरातल्या जुन्या तुरीतली दहा किलो भरडून पाहणे सहज बसत होते. जाताना फाइल त्याने माझ्या ओसरीवरच ठेवली आणि अकोल्याला यंत्र पाहायला कधी जायचे तेवढे विचारून गेला.